शिलपॅक

माझ्या नवऱ्याच्या किडन्या थकल्यात हे डॉक्टरीणबाईंनी ज्या गोड आवाजात सांगितलं, त्या आवाजाचाच मला आधी राग आला. असं सांगायचं असतं का बाई? जरा आवाज चढवावा, जरा रागवावं, म्हणजे समोरच्याला भांडता तरी येतं. मी काय करणार, मान हलवत बसले. ह्यांचं बीपी वाढत वाढत गेलं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. अजून वेळ गेलेली नाही, म्हणाल्या, पण जिभेला लगाम घालावा लागेल. मीठ नावाला. केळी, नारळपाणी बंद. आणि पाकिटातलं, पुड्यातलं, फाडून खायचं जे जे दुकानात मिळतं, ते घरात ठेवायचंच नाही.

"पण टोस्ट तर गोड असतात," हे म्हणाले. पन्नाशीला टेकलेला माणूस, वाळूजला कंपनीत मशिनी सांभाळणारा, आणि शाळेतल्या पोरासारखं तोंड करून टोस्टची वकिली करत होता.

"गोड असले तरी मीठ, सोडा असतोच त्यात," बाई म्हणाल्या. ह्यांचा खटला तिथंच निकाली निघाला.

घरी आल्या आल्या मी ओढणी कमरेला बांधली. बजाजनगरातलं आमचं घर लहान, पण स्वयंपाकघरातलं कपाट लई मोठं, आणि ते मीच हौसेनं करून घेतलेलं. जमिनीवर जुनी चादर अंथरली आणि एकेक काढायला लागले. शेव, फरसाण, वेफर्स, नूडल्स, सूपची पाकिटं, सॉसची बाटली, तयार मसाले, पापड, क्रीमची बिस्किटं, खारी, टोस्ट. अगं बाई, घर होतं का दुकान! आमची लेक अकरावीला, सायन्सला. ती पुड्यांच्या पाठीवरचं बारीक वाचून "सोडियम, सोडियम" असा जप करायला लागली. आम्ही इतकी वर्षं मीठ खातोय असं समजत होतो.

"एखादा पुडा राहू दे," हे दारातनं म्हणाले. "पाहुण्यारावळ्याला लागतो."

"तुम्हाला पाहुणं व्हायचंय का या घरात? मग गप बसा."

बोलून गेले. माझी जीभ अशीच आहे, तिला हाड नाही. हे आत जाऊन पंखा लावून पडून राहिले. मी आणखी जोरात डबे आपटायला लागले, कारण रडण्यापेक्षा ते सोपं होतं.

चादरीवर ढीग झाला तेव्हा प्रश्न पडला की याचं करायचं काय. अन्न टाकवत नाही. शेजारच्यांना द्यावं तर जे आपल्या माणसाला विष, ते दुसऱ्याच्या लेकरांपुढं कसं ठेवायचं? मी कमरेवर हात ठेवून त्या ढिगाकडं बघत उभी होते, तेवढ्यात दार वाजलं. दारात अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील. लासूर स्टेशनला राहायचे, माझ्या भावाजवळ. महिन्यातनं एखादवेळी सकाळच्या गाडीनं यायचे, स्टेशनावरनं शेअर रिक्षा करायचे आणि दुपारी जेवून परत जायचे. फोन करून कधी आले नाहीत. आले की दारातच पिशवी पुढं करायचे आणि म्हणायचे, "आधी पिशवी घे, मग पाणी दे." पोरीच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं ही रीत सगळ्यांचीच, पण अण्णांची त्याच्यापुढची होती. पिशवी माझ्या हातात पडल्याशिवाय ते माझ्या घरचं पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचे नाहीत. आणि त्या पिशवीत कायम दुकानातलंच असायचं. टोस्ट, खारी, बिस्किटं, फरसाण, कधी लेकीसाठी केक. त्यांचा एक शब्द होता, शिलपॅक. "शिलपॅक माल हाय, माय. कुणाचा हात नाय लागला."

हे शिलपॅकचं वेड कुठनं आलं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. अण्णा लासूरच्या मार्केटात मापाडी होते. शेतकऱ्यांचं धान्य काट्यावर घालायचं, माप मोठ्यानं म्हणायचं. पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. अण्णांचा 'लाभ' पार रस्त्यावर ऐकू यायचा. पण तो लाभ दुसऱ्याचा. आम्ही काय खायचो? लिलाव उठला की ओट्यावर, गाड्यांखाली जे सांडलेलं असायचं ते माझी आई झाडून गोळा करायची. ज्वारीत बाजरी, बाजरीत मका, आणि सगळ्यात माती. आई पाखडायची, निवडायची, तरी भाकरीत कचकन खडा लागायचाच. खडा माझ्या दाताखाली आला की अण्णा खायचे थांबायचे.

एकदा लग्नकार्यात सोयरिकीतल्या एका बाईनं आईच्या तोंडावर म्हटलं होतं, "ह्यांच्यात झाडणीचं शिजतं." आईनं ते हसण्यावारी नेलं. अण्णांनी नाही. माझं लग्न झालं, मला वाटं लावताना सगळे रडत होते, तेव्हा अण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तुझ्या घरी म्या येईन तवा दुकानातलं आणीन. शिलपॅक." रडायच्या वेळेला हे काय बोलतात, असं वाटलं मला. पण त्या माणसानं शब्द पाळला. आई गेली, गुडघे गेले, काम सुटलं, तरी पिशवी कधी चुकली नाही.

आणि आता ते दारात उभे होते, हातात पिशवी, आणि माझ्या चादरीवर हा ढीग.

"काय निघालंय, माय? उंदरं झाल्यात का?"

"नाही अण्णा. या, बसा तुम्ही."

ते बसले नाहीत. वाकून त्यांनी ढिगातनं एक पुडा उचलला. त्यांनीच मागच्या वेळी आणलेले टोस्ट होते, आम्ही अजून फोडलेही नव्हते. त्यांनी पुडा उलटा केला, सुलटा केला, कडेवरनं बोट फिरवलं.

"फुटलं तर नाय कुठं. शिलपॅक हाय की."

मी त्यांना सगळं सांगितलं. किडनी, बीपी, मीठ. लेक तर उत्साहानं पुढं सरसावली आणि आजोबांना पुड्यावरचं वाचून दाखवायला लागली. ते "व्हय का? व्हय का?" करत ऐकत होते. जावयाच्या दुखण्याचं ऐकून त्यांचा चेहरा पार उतरला. "पाव्हणे, जपा बाबा," असं दोनदा म्हणाले. मग हळूच मला विचारलं, "केळी चालत असतील?" म्हटलं, नाही. "आन् नारळ?" म्हटलं, नारळपाणी तर मुळीच नाही. मग खुर्चीत टेकले आणि पिशवी पायामागं सरकवली.

पाणी आणलं तर म्हणाले, आत्ताच पिऊन आलो. चहा नको म्हणाले. जेवायला थांबा म्हटलं तर भावाकडं कुणी यायचंय म्हणाले. मला त्या गडबडीत काही सुचलं नाही. दारापर्यंत गेले आणि म्हटलं, "अण्णा, पुढच्या वेळी काही आणू नका हं. नुसते या."

"व्हय, व्हय," म्हणाले.

ते गेल्यावर हे म्हणाले, "मामा पिशवी परत घेऊन गेले गं."

"मग काय करतील? इथं ठेवून जातील आणि तुम्ही चोरून खाल!" असं म्हणून मी गॅलरीत गेले. अण्णा रस्त्याच्या कडेनं चालले होते, पिशवी छातीशी धरलेली. हाक मारावी वाटलं, पण हाक मारून म्हणणार काय? की द्या ती पिशवी, आणि मग ती पण चादरीवर ओता?

त्यानंतर अण्णा आले नाहीत.

पुढच्या महिन्यात गुडघा दुखतोय म्हणाले. नंतर ऊन लई आहे. मग कुणाचं लग्न, कुणाचं जावळ. फोनवर बोलायचे नेहमीसारखे, जावयाच्या तब्येतीचं आधी विचारायचे, पण "कधी येता?" म्हटलं की "येतो की" म्हणून फोन भावाच्या हातात. इकडं माझं घर अळणी चाललं होतं. अळणी भाजी, अळणी वरण. हे ताटावर बसले की असं तोंड करायचे की वाटावं मीच त्यांचा सूड घेतेय. मी लिंबू पिळून बघितलं, लसूण वाढवला, आमचूर टाकलं. आधी आदळआपट, मग सवय. आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाई पहिल्यांदा मोकळं हसल्या. म्हणाल्या, आहे तिथं थांबलंय, असंच चालू ठेवा. रिक्षात मी ह्यांचा हात धरून बसले, लोकांसमोर, लाज सोडून. मला माझा माणूस हवा होता. पण मला माझा बापही हवा होता, माझ्या घरात, माझ्या ताटावर. दोन्ही मागणं जास्त होतं का, हे मला आजही कळत नाही.

मग एक दिवस कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ज्वारी घ्यायला गेले. दुकानवाला भाई आमचा जुना ओळखीचा. काट्यावर ज्वारी घालता घालता म्हणाला, "दीदी, तुम्हारे अब्बा गये क्या गाव कू?"

म्हटलं, कुठले अब्बा? कधी?

"परसों आये थे ना. बहोत देर खडे रहे इधर. सब पुडे उठा उठा के देखे. मेरे कू बोले, इसमें नमक कित्ता है पढ के बताओ. मैं क्या बताता? फिर बोले, जिसमें बिल्कुल नमक नहीं ऐसा शिलपॅक क्या है? मैं बोला, चच्चा, शक्कर है. हँसे, और चले गये. मैं समझा घर कू गये."

दुकानापासनं माझं दार दिसतं. हाकेवर नाही, दिसतं. त्या दिवशी मी घरीच होते, मशीनवर ब्लाऊज शिवत बसले होते, दार उघडं टाकून. माझा बाप दुखऱ्या गुडघ्यांनी गाडीत बसून, रिक्षात दाटीवाटीनं बसून माझ्या दारापर्यंत आला होता आणि दुकानातनं परत गेला होता. मी ज्वारी तिथंच ठेवली आणि घरी येऊन भांडी घासायच्या निमित्तानं मनसोक्त रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं लासूर गाठलं. अण्णा भावाच्या ओसरीवर बसले होते. मला बघून उठले, हसले, "आज कशी काय गं, माय?" म्हणाले. मी पाणी पण पिले नाही.

"तेरवा आलात आणि कोपऱ्यावरनं परत गेलात?"

खाली बघितलं. "कुणी सांगितलं?"

"सांगितलं कुणी तरी! अण्णा, माणूस आहात का कोण आहात? पोरीचं दार दिसतंय आणि पाठ फिरवून जाता? मी काय मेले होते का?"

"असं अभद्र बोलू नाय."

"मग काय बोलू? काही आणू नका म्हटलं होतं ना मी? नुसते या म्हटलं होतं."

"नुसतं कसं यायचं?" त्यांनी खरंच विचारलं. मी कोड्यात बोलत असल्यासारखं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"सफरचंदं आणा मग. एखादं चालतं त्यांना."

"सफरचंदं दवाखान्यात नेत्यात. पाव्हणे उठून कामाला जात्यात, त्यांच्या म्होरं सफरचंदं ठेवू? पेशंट करू त्यांना?"

त्यांचं खरं होतं. आमच्यात सफरचंदाची पिशवी हातात दिसली की लोक विचारतात, कोण ॲडमिट आहे?

आणि मग मी ते बोलले. मला वाटलं, तोडगा सापडला. डॉक्टरीणबाईच म्हणाल्या होत्या, पुड्यातलं सोडा, घरची भाकरी खा. मी म्हटलं, "मग ज्वारी आणा. मार्केटातनं चांगली बघून पायलीभर ज्वारी आणा. आम्हाला तेच लागतं आता. सुटं धान्य."

आत भावजय भाकरी थापत होती, त्याचा आवाज येत होता.

"मार्केटातनं म्या तुझ्या घरी ज्वारी आणायची?" ते म्हणाले. "सुटी? पिशवीत भरून?"

"विकत घेऊन, अण्णा. झाडून नाही."

"तुला ठाव हाय. लोकाला कुठं ठाव हाय? मापाडी हातात ज्वारीची पिशवी घेऊन पोरीकडं चालला, म्हंजी लोक काय म्हणत्याल? जन्मभर झाडणीचं खाऊ घातलं पोरीला, आन् आता म्हातारपणी तिच्या घरी पण तेच पोचवायला निघाला." त्यांनी मान हलवली. "म्या ते नाय करणार, माय. दुसरं काय पण सांग."

दुसरं काय सांगू? मला माझ्या बापाचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की दोन्ही एकाच वेळी तोंडातनं बाहेर पडायला बघत होतं. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, म्हणतात ना, तसा माणूस. पण मीही त्याच सुंभाची. म्हटलं, "ऐका मग. तुम्ही नुसते, रिकाम्या हातानं माझ्या घरी येणार नसाल, तर मीही या दारात पाऊल टाकायची नाही. माहेर बंद." आणि तरातरा निघाले. स्टेशनवर बसून पुन्हा रडले. जवळ बसलेल्या बाईनं न विचारताच मला पाणी दिलं.

माझं चुकलं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मी अजून तसं म्हणत नाही. ढीग काढला नसता तर आज माझं कुंकू शाबूत नसतं. अण्णांचंही चुकलं म्हणत नाही. कुणाचं तरी चुकलं असतं तर बरं झालं असतं, निदान त्याला धरून शिव्या घालता आल्या असत्या.

आणि मी जिंकले. अण्णा आले. त्याच महिन्यात, एका गुरुवारी, ह्यांच्या सुट्टीच्या दिवशी. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, आणि दोन्ही हात मोकळे. दारात थांबले. 'आधी पिशवी घे' म्हणायची सवय, तोंड उघडलं आणि मिटलं. मी तोंड भरून हसले, "या, या," केलं, लेकीनं हात धरून आत आणलं. मला वाटत होतं, सुटला एकदाचा गुंता.

पाट मांडला. भाकरी, दोडक्याची भाजी, ताक. अण्णांच्या भाजीला मी वेगळं मीठ घातलं होतं, मिरचीचा ठेचा केला होता, त्यांना लागतो म्हणून. ते म्हणाले, जेवून आलोय. म्हटलं, एवढ्या सकाळी कुणी जेवू घातलं? म्हणाले, सुनेनं केलं होतं लवकर. म्हटलं, अर्धी भाकरी. "नगं, माय, पोट गच्च हाय." हे म्हणाले, "मामा, माझ्यासंगं बसा, मला एकट्याला अळणी गिळवत नाही." अण्णा हसले आणि तिथंच खुर्चीत बसून राहिले. आम्ही तिघं जेवलो, आणि ते बघत बसले. ते इतके सभ्यपणे बसले होते, पाय जवळ घेऊन, जसं कुणी परक्याच्या घरी काम काढून येतं आणि घरधन्याचं जेवण उरकायची वाट बघतं. पाणी तेवढं घेतलं त्यांनी. मी अगदी हातात तांब्या दिला म्हणून घेतलं.

दुपार व्हायच्या आतच उठले.

"जातो, माय."

ह्यांनी पटकन अडवलं. "मामा, जातो काय म्हणता? येतो म्हणा."

अण्णा चपला घालत होते. त्यांनी वर बघितलं. रागानं नाही, रुसून तर मुळीच नाही. जावयाला त्यांनी अगदी साधं विचारलं, "काय घेऊन येऊ, पाव्हणे?"

लेक त्यांना रिक्षापर्यंत सोडून आली.

थंडी सुरू होता होता अण्णा गेले. दुखणं नाही, खुपणं नाही, सकाळी उठलेच नाहीत. आम्ही पोचलो तोवर ओसरी माणसांनी भरली होती. मी त्यांच्या पायाशी बसले. आतल्या बायांत एक चुलत आत्या होती, ती डोळे पुसत पुसत माझ्याजवळ सरकली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मागं तुझ्याकडं आल्ते ना गं? लेकीच्या हातचं जेवले ना पोटभर? तेवढं तरी समाधान."

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी म्हटलं, "व्हय आत्या. लई पोटभर जेवले."